आधी कालची रेघ

कुरुळी,
मारुतीच्या देवळाचा ओटा

प्रिय स्वरूपा,

आशीर्वाद तुला नित्याचेच आहेत; आज ते मागे ठेवून आधी तुझ्या हाताची चौकशी करतो. प्लास्टर घट्ट बसले असेल तर बोटांना मुंग्या येतात. येत असल्या तर सोसत बसू नकोस, डॉक्टरांना सांग. तू सांगवीला मावशीकडे आहेस, भुवईवर टाके पडले आहेत परंतु डोळा वाचला आहे, इतके तुझ्या आईने मला सांगितले. शालनबाई एरवी खंबीर. पण हे सांगताना त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. मी स्वतः परवा रुग्णालयातून घरी आलो. हाड मोडलेले नाही, मुका मार आहे. काठी टेकत देवळापर्यंत जाता येते. पूजा खुर्चीत बसून करावी लागते, एवढे दुःख. हे पत्र लिहायला मला माझ्या सुनेने, तनुजेने, बसवले आहे. सकाळीच तिने कागद मांडले, चहा आणून दिला आणि दाराशी उभी राहून म्हणाली, "आबा, तुमचा शब्द ती मोडायची नाही. एवढं लिहाच. दिग्विजय नेऊन देईल." काय लिहावे अशी तिची इच्छा आहे ते शेवटी सांगेन. माझे तुझ्याशी जे बोलणे आहे ते आधी होऊ दे. देवापुढे बसतानाही मी मागणे शेवटी ठेवतो.

ज्या फळ्यासमोर तू वाढलीस तो तिथे का आला, हे मी तुला कधी सांगितले नाही. मी शाळेत नुकताच लागलो होतो. चाकण म्हणजे तेव्हा कांद्याचा बाजार; कारखान्यांचे नाव नव्हते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी आवई उठली, आणि त्याच सुमारास एक बहुरूपी गावात आला. अंगात खाकी, ओठावर रंगवलेल्या मिशा. दारोदार खोटी वॉरंटे वाचून लोकांना हसवणारा तो गरीब माणूस. त्याला ओढ्याच्या काठी गाठून बैलांच्या जुवातल्या शिवळांनी, त्या लाकडी खुंट्यांनी, मारले. मी पोहोचलो तेव्हा त्याचा श्वास चालू होता, आणि मिशांचा काळा रंग रक्तात मिसळून गालावरून कानात उतरत होता. मारणाऱ्यांपैकी एकाने त्याची झोळी उलटी केली. तिच्यातून पीठ निघाले. तो माझ्या मांडीवर मेला. वर्तमानपत्रात ही बातमी यायला दोन दिवस गेले, आणि आली ती अशी: अज्ञात जमावाच्या मारहाणीत एकाचा मृत्यू. गावात एकच अंक येई, आणि तो ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. जे अज्ञात होते ते माझ्यासमोर मांडी घालून ऐकत होते. त्यांतल्या एकाने सुपारी कातरता कातरता विचारले, "म्हंजी आपलं नाव न्हाई ना त्यात, गुरुजी?" दुसरा म्हणाला, "आरं, आपुन अज्ञात हाय," आणि ओटाभर हशा पिकला. तो हशा मला अजूनही कधी कधी आरतीच्या मध्येच ऐकू येतो.

त्यांची नावे मी फौजदारांना सांगितली. दुसरा साक्षीदार उभा राहिला नाही, खटला उभा राहिला नाही, आणि वर्षभर माझ्या घरी दूध घालायला कोणी आले नाही. त्याच वर्षी मी देवळाच्या भिंतीवर फळा लावला. आपल्या शास्त्रात शब्दाला प्रमाण मानले आहे. पण कोणाच्याही शब्दाला नाही. ज्याने वस्तू जशी आहे तशी पाहिली आणि जशी पाहिली तशीच सांगितली, त्याच्या शब्दाला. म्हणून फळ्याचे दोन नेम केले. पहिला असा की बातमीखाली ती सांगणाऱ्याचे नाव लिहायचे. नाव द्यायला जो कचरतो त्याची बातमी घ्यायची नाही. दुसरा असा की चुकलेली बातमी पुसायची नाही. तिच्यावर रेघ ओढायची, खाली खरी लिहायची, आणि दोन्ही दुसऱ्या सायंकाळपर्यंत तशाच ठेवायच्या. पुसलेली चूक लोक विसरतात आणि लिहिणाराही विसरतो. रेघ ओढलेली चूक येणाऱ्या-जाणाऱ्याकडे दिवसभर बघत राहते. पुढे लाकूड कुजले तेव्हा दिग्विजयने कारखान्यातून लोखंडी पट्ट्या आणून फळ्याला चौकट जोडून दिली. माझ्या या नातवाच्या हाताला वेल्डिंगची फार सुरेख सवय आहे. सांधा कुठे आहे ते बोट फिरवून कळत नाही.

तुझी आणि माझी खरी ओळख त्या फळ्यापुढेच झाली, भांडणातून. तू तेव्हा एका प्रेस शॉपमध्ये तपासणीच्या कामाला होतीस. पत्रा कापणाऱ्या यंत्राखाली एका पोराची चार बोटे गेली होती, आणि वर्तमानपत्रात आले त्यावरून मी लिहिले होते की अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला. शिफ्ट सुटून तू आलीस, गणवेशावर त्याच्या रक्ताचे डाग तसेच होते, आणि सगळ्यांदेखत मला म्हणालीस, "आबा, तुमच्या कागदाला बोटं आहेत का? मी त्याच्या शेजारी होते. हात आत गेला की यंत्र थांबवणारा सेन्सरच बंद करून ठेवला होता, माल लवकर निघावा म्हणून. बोटं मी डब्यात भरलीत, आबा. मी." मी रेघ ओढली आणि खडू तुझ्या हातात दिला. तू लिहिलेस, खाली स्वतःचे नाव घातलेस. दुसऱ्या दिवशी फळ्यावर जळके ऑइल ओतलेले होते, आणि तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसांनी तुझ्या आईच्या दाराला कुऱ्हाड घातली. नोकरी गेली. तू रडली नाहीस. मला म्हणालीस, फळ्यावर ऑइल ओतता येतं, आबा, आता मी असं काहीतरी करते की ज्याच्यावर ओतायला त्यांना घराघरात जावं लागेल.

रोज सायंकाळी मोबाइलसमोर बसून घराघरात थेट बातमी सांगणे, हे तुझे नवे काम मला आरंभी मुळीच रुचले नाही, हे तू जाणतेस. वाणी परेपासून वैखरीपर्यंत पायऱ्या उतरत येते, म्हणून बोलण्याआधी ते आत पिकू द्यावे, तुझी बातमी कच्ची असते, असे मी तुला सुनावले होते. त्यावर तू दिलेले उत्तर मी प्रवचनात दोनदा सांगितले आहे, तुझे नाव घेऊन: "आबा, तुमची बातमी पिकेपर्यंत इकडे माणूस मरतो." तरीही मी तुझ्याकडे वळलो तो वेगामुळे नाही. त्याच वेगाने खोटेही धावते. ज्या यंत्रातून तू बोलतेस त्यातूनच, तुझा हात मोडला त्या दिवशी, खोट्याचा वणवाही आला. मी वळलो ते एका सायंकाळी शालनबाईंच्या खोलीत तुझे बोलणे प्रथम ऐकले तेव्हा. "नमस्कार, मी स्वरूपा. आधी कालची रेघ." आणि तू आदल्या दिवशी चुकलेल्या दोन गोष्टी सांगितल्यास, कोणी दुरुस्त करून दिल्या त्या बायकांची नावे घेतलीस, आणि मगच आजची बातमी उघडलीस. हे मी पाहिले, हे मी ऐकले, हे मला अजून ठाऊक नाही, असे तीन वाटे करून. वर्तमानपत्रही चूक मान्य करते, करत नाही असे नाही. परंतु आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, आणि वाचणाऱ्याला उलट बोलायला तिथे जागा नसते. तुझ्याकडे भाकरी थापणाऱ्या बाया पिठाच्या हाताने कळवत होत्या, "स्वरूपा, गल्ली चुकलीस गं, पाण्याचा टँकर आमच्या मागं उलटलाय." तू त्यांच्या तावडीत स्वतःला रोज देत होतीस. लोकांचा विश्वास तुला त्या देण्यातून मिळाला. हा नेम माझ्या भिंतीवरून उतरून तुझ्या हातात गेला होता, आणि तिथे तो अधिक शोभत होता. मी घरी येऊन देवापुढे निरांजन लावले. कारण कोणाला सांगितले नाही.

आता त्या दुपारचे. तू उशिरा आलीस, म्हणून आधीचे तुला कळलेले नसेल. मागच्या खोल्यांत राहणारी मोनिका आणि तिचा नवरा जयसिंग, लातूरकडचे जोडपे. तिची पहिली शिफ्ट, त्याची दुसरी. दुपारी ती कंपनीच्या बसमधून उतरते, तो त्याच थांब्यावर दुसऱ्या बसमध्ये चढतो, आणि त्यांचे लहानगे पोर त्या मधल्या घटकेत एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आपल्याकडची निम्मी लेकरे अशी थांब्यावरच वाटून घेतलेली वाढतात. त्या दिवशी तिची बस रखडली. जयसिंगने पोराला ओळखीच्या बायांजवळ उभे केले, "आई येतीय बघ" म्हणाला आणि चढला. पोर त्याच्या मागोमाग मागच्या दाराने आत शिरले आणि शेवटच्या आसनाखाली झोपून गेले. मोनिका उतरली तोवर त्या बाया आपापल्या बसने गेल्या होत्या; तिला वाटले बापाने शेजारी ठेवले असेल. शेजारी नाही, गल्लीत नाही, म्हटल्यावर तिने जी किंकाळी फोडली ती ओट्यापर्यंत आली. त्याच सुमारास अन्वर, ज्याने या गावातल्या प्रत्येक टेम्पोच्या पोटात हात घातला आहे तो आपला गॅरेजवाला अन्वर, तापाने फणफणलेल्या नातीला गोधडीत गुंडाळून टेम्पोतून डॉक्टरकडे निघाला होता. कोणीतरी ते टिपले. गोधडीतून बाहेर आलेला लहान पाय आणि खाली मजकूर: कुरुळीतून मूल पळवले, टेम्पो ओळखा, पुढे पाठवा. सांगणाऱ्याचे नाव नव्हते. माझ्या फळ्यावर ती बातमी चढली नसती. पण माझ्या फळ्याला विचारतो कोण.

अन्वर औषध घेऊन परतला तोवर ओट्याला लागूनच असलेल्या त्याच्या गॅरेजसमोर माणसे जमली होती. त्याने नातीला बायकोच्या, झुलेखाबींच्या, हाती आत दिले आणि शटर ओढले, स्वतः बाहेर राहून. तो राहिला म्हणून त्या दोघी वाचल्या. "माझी नात आहे, भाऊ, नात आहे, तापलीय," एवढेच तो म्हणत राहिला, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य थोडे अधिक तुटत गेले, कारण पहिला फटका तोंडावर बसला होता. त्याच्याच व्हील पान्याने त्याचे गुडघे फोडले. त्याच्याच साखळीने त्याला ओढले. दाढी धरून डोके वर केले आणि कोणीतरी त्या उघड्या तोंडावर विटेचा तुकडा मारला. मी ओट्यावरून ओरडत होतो, एकेकाचे नाव घेऊन, शाळेतल्या हजेरीसारखे. माझा आवाज माझ्याच छातीपलीकडे जात नव्हता. यांतल्या निम्म्यांना मी अक्षर शिकवले आहे. तेवढ्यात शालनबाई धावत आल्या. बसच्या चालकाला गाडी झाडताना पोर सापडले होते आणि जयसिंगने त्यांना कळवले होते. मी खडू घेतला. आयुष्यात लिहिले नाही एवढ्या मोठ्या अक्षरात फळाभर लिहिले, मूल सापडले, सुखरूप आहे, सांगणार जयसिंग. आणि वळून पाहिले तर फळ्याकडे सगळ्यांच्या पाठी होत्या. इतक्या वर्षांचा नेम, इतक्या वर्षांचा मान, आणि एक मान वळली नाही. एक जण डिझेलचा कॅन घेऊन शटरकडे चालला होता. मी आडवा गेलो. त्याने मला ढकलले ते रागाने नाही, वाटेतली खुर्ची सरकवावी तसे. मी ओट्याच्या पायथ्याशी पडलो. चष्मा मात्र शाबूत राहिला.

तिथून मी तुला पाहिले. स्कूटर टाकून तू ऑइलच्या रिकाम्या पिंपावर चढलीस आणि मोबाइल समोर धरलास. "नमस्कार, मी स्वरूपा. आज रेघ नंतर. पोरगं सापडलंय, कंपनीच्या बसमध्ये झोपलं होतं, हे मला आत्ता त्याच्या बापानं सांगितलं. आता इथं कोण कोण आहे ते बघा." आणि तू नावे घेऊ लागलीस. नुसती नावे नव्हेत. नाव, गल्ली, आणि घरी कोण बघते आहे ते. "पिंटू, दांडका टाक, आई बघतीय तुझी." पिंटूने दांडका टाकला नाही, तो तुझ्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि त्यामागून तुझा, जरासा कापलेला, पण तोच: "हा पिंटूनं मारला. डावा हात गेला माझा. मोबाइल उजव्यात आहे." भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होते आणि तू डोळा न पुसता पुढचे नाव घेत होतीस. मग ते घडले जे मी कोणत्याही पुराणात वाचलेले नाही. त्या जमावाचे खिसे वाजू लागले. एकाचा, दुसऱ्याचा, मग सगळ्यांचे. कुठे अभंग, कुठे ढोल, कुठे तान्ह्या बाळाचे हसणे. माझ्याजवळ उभ्या असलेल्या एकाने रक्ताळल्या हाताने फोन कानाला लावला आणि आतून बाईचा आवाज आला, "कुठं हायस? मला दिसतुयास तू. त्यो दगड टाक आन् घरला ये, न्हाईतर येऊच नगंस." डिझेलवाल्याने कॅन हळूच भिंतीशी ठेवला, जणू कोणी ठेवायला दिला होता. माणसे एकमेकांकडे न बघता पांगली. अज्ञात जमाव नावाची वस्तू माझ्या डोळ्यांदेखत विरघळली आणि तिच्या जागी ज्याची-त्याची आई, ज्याची-त्याची बायको उभी राहिली. त्या हशाला मिळालेले उत्तर मी म्हातारपणी ऐकले. मला तिथेच भोवळ आली.

रुग्णालयात मला कोणी काही सांगत नसे. घरी आल्यावर कळले की अन्वर गेला. डोक्याला बसलेला शेवटचा घाव त्याला घेऊन गेला. झुलेखाबींना भेटायला मी काठी टेकत गेलो. त्यांनी नातीला माझ्या पाया पडायला लावले आणि मला तिथे बसवेना. वर्तमानपत्रात आले आहे, संतप्त जमावाच्या मारहाणीत गॅरेजचालकाचा मृत्यू, मुख्य संशयित अटकेत. तो मुख्य संशयित म्हणजे आपला ज्योतीराम, ज्याने तुझ्या आईचे दार नवे बसवून दिले तो सुतार. काल त्याची बायको सुमनताई माझ्याकडे आली आणि तुझेच चित्रण तिने माझ्यासमोर धरले. "आबा, तुम्ही बघा. सगळे म्हणतात ह्यो मारतोय. मला तर त्यो वाकताना दिसतोय." मी पुन्हा पुन्हा पाहिले. तू म्हणतेस, ज्योतीरामकाका, दगड खाली ठेवा, काकू बघतायत. तो हातातल्या दगडाकडे पाहतो. तो वाकतो. आणि त्याच क्षणी चौकटीबाहेरून कवटी फुटल्याचा तो आवाज येतो. पाहणाऱ्याला वाटते, वाकून त्यानेच घातला. स्वरूपा, तो तुझा शब्द पाळत होता. दगड खाली ठेवायला वाकलेला माणूस आज खुनी म्हणून कोठडीत बसला आहे, आणि तो खुनी आहे हे लोक मानतात, कारण ते तुझ्या मोबाइलमध्ये दिसले आणि तू खोटे दाखवत नाहीस.

ज्यांनी खरे पाहिले ते गप्प आहेत. मी ओट्यावर एकेकाला विचारले. "गर्दी होती, आबा." "माझं तोंड तिकडं होतं, आबा." एक म्हातारा तेवढा स्पष्ट बोलला, "तुमच्याकडं बघून गप हाय गाव, एवढं समजून घ्या." घरात दिग्विजय जेवत नाही. त्याचा निळा शर्ट दोरीवर वाळत आहे. तनुजेने तो इतक्यांदा धुतला की रंग उतरला. मी त्याला समोर बसवले. तो आपल्या हातांकडे पाहत म्हणाला, "सगळेच होते की राव तिथं, आबा. मला एकट्याला काय विचारता?" मी म्हणालो, सगळ्यांना स्वरूपाने विचारले, बाळा, तुला विचारायचे राहिले.

आता ते, ज्यासाठी तनुजेने मला बसवले. तिची विनंती अशी की तू जे झाकलेस ते झाकलेलेच राहू द्यावेस, असे मी तुला गुरू या नात्याने लिहावे. ती आई आहे. तिला दोष देऊ नकोस. मी उलट लिहितो. सळई दिग्विजयच्या हातात होती, आणि अन्वरच्या डोक्यात ती त्याने घातली, मी पाहिले. घाव बसण्याआधी तुझा मोबाइल त्याच्या चेहऱ्यावर येणारच होता, तू त्याला ओळखलेस, ओठ उघडलेस. मग ओट्याखाली पडलेल्या माझ्याकडे पाहिलेस, आणि मोबाइल ज्योतीरामकडे वळवलास. ते तू माझ्यासाठी केलेस. पोरी, ती गुरुदक्षिणा मला घेता येत नाही, कारण ती ज्योतीरामच्या घरातून आणलेली आहे. त्या बहुरूप्याला मारणारे वर्तमानपत्राने अज्ञात ठेवले होते. या वेळी एकच माणूस अज्ञात राहिला आणि तो माझ्या घरातला निघाला. परवा सकाळी मी पोलीस ठाण्यात जाऊन पाहिलेले सांगणार आहे. दिग्विजयला तसे सांगितले आहे. आला तर माझी काठी धरून चालेल, न आला तर मी एकटा जाईन. परंतु मी आधी बोललो तर तुझी चूक माझ्या तोंडून बाहेर पडेल, आणि त्या भाकरी थापणाऱ्या बाया पुन्हा तुझे ऐकणार नाहीत. मग पुढची खोटी क्लिप येईल, पुढच्या अन्वरला ओढून बाहेर काढतील, आणि कोणाचाही खिसा वाजणार नाही. म्हणून हे पत्र आजच सुमनताईंच्या हाती पाठवतो आहे, दिग्विजयच्या नाही. पाकीट चिकटवलेले नाही. वाटेत त्यांनी वाचले तर वाचू दे, त्यांचा तो हक्क आहे. उद्या सायंकाळी हात गळ्यात बांधून का होईना, बस. नमस्कार म्हण. आधी कालची रेघ म्हण, आणि माझ्या नातवाचे नाव घे, गल्लीसकट, आणि घरी कोण बघते आहे तेही सांग. फळा मी आज धुऊन कोरा ठेवला आहे. इतकी वर्षे तू माझ्या फळ्यावरचे उचललेस. उद्या शालनबाई त्यांचा मोबाइल ओट्यावर ठेवतील, मी खडू घेऊन उभा राहीन, आणि तू सांगशील तसे लिहीन. खाली सांगणाऱ्याचे नाव घालायचा नेम आहे. तिथली जागा तुझ्यासाठी सोडतो.

खडू हाती घेऊन तुझ्या शब्दाची वाट पाहणारा,
तुझाच
आबा